सोडियमचा दिवा नाटकात चालेल का? वाचकांचे प्रश्न, प्रकाशयोजनेवर

नागपूर शहरातल्या रस्त्यांवरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले, तेव्हापासून जुन्या फिटिंग भंगारवाल्याकडे किलोच्या भावात मिळून राहिल्या आहेत, आणि नाटकवाल्यांच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही. स्पर्धेचा सीझन तोंडावर आहे त्यामुळे या वेळी आलेले बहुतेक प्रश्न कारखान्यातले, रस्त्यावरचे, गोदामातले दिवे नाटकात वापरण्याबद्दलचेच आहेत, म्हणून सगळे एकत्रच घेतले.

प्रश्न: आमचा ग्रुप राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवून राहिला आहे. कोराडीच्या पॉवर प्लांटमधल्या कंत्राटी कामगारांची एक नाइट शिफ्ट, एवढीच गोष्ट. दिग्दर्शकाला आवारातला तो पिवळा उजेड पाहिजे. पार कॅनला (स्टेजवरचा डब्यासारखा दिवा) अंबर जेल (पिवळट रंगाची पारदर्शक शीट) लावून पाहिलं तर लग्नाच्या हॉलसारखं दिसते. भंगारात २५० वॅटच्या सोडियम स्ट्रीट लाइट मिळून राहिल्या आहेत. त्या डिमरवर (लाइट कमी-जास्त करायचं यंत्र) चालतील का? (नाट्यवेडा, महाल)

उत्तर: भाऊ, डिमरवर अजिबात नाही, पण नाटकात मात्र नक्की लावा, आणि तुमच्या दिग्दर्शकाचा डोळा बरोबर आहे हे आधी सांगतो.

अंबर जेल लावलेला हॅलोजन आणि सोडियम दोन्ही पिवळेच दिसतात पण आतून दोघांचं काम पूर्ण वेगळं आहे. हॅलोजनच्या उजेडात सगळे रंग असतात, जेल त्यातला निळा-हिरवा बराचसा अडवतं, तरी लाल भरपूर शिल्लक राहतो आणि म्हणून चेहरे छान, तब्येतीत, गुलाबी दिसतात. हाय प्रेशर सोडियमचा उजेड साधारण २००० केल्विनचा, त्यात पिवळ्याचाच सगळा जोर, निळा जवळपास नाही आणि खोल लालही कमी. रंग किती खरे दिसतात ते मोजायचा जो कलर रेंडरिंग इंडेक्स असतो तो हॅलोजनचा जवळजवळ १०० आणि या दिव्याचा २० ते २५. म्हणजे कामगाराचा निळा डांगरी ड्रेस काळपट राखाडी होतो, लाल टिकली तपकिरी होते, आणि माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. नाइट शिफ्टला नेमकं हेच पाहिजे ना. हे कोणत्याही जेलने येत नाही.

आता डिमर. या दिव्यात फिलामेंट नसते, आत गॅसमधून आर्क (विजेची सलग ठिणगी) चालतो, आणि तो आर्क करंट आवरणाऱ्या चोकच्या भरवशावर टिकून असतो. आपल्या नाटकातले डिमर लाटेचा तुकडा कापून लाइट कमी करतात, तसा कापलेला करंट चोकला दिला की दिवा फडफडतो, विझतो, चोक तापतो आणि कधी डिमरचं चॅनलही जाते. तेव्हा थेट वेगळ्या लाइनवरून, स्वतःच्या एमसीबीवर आणि अर्थिंग करूनच जोडा. भंगारातल्या फिटिंगमधे चोक, इग्निटर आणि कॅपॅसिटर तिन्ही आहेत का आणि ते त्याच वॅटचे आहेत का हे आधी पाहून घ्या, २५० च्या चोकवर ७० चा बल्ब लावायचा नाही. इग्निटर सुरुवातीला काही हजार व्होल्टचे झटके देतो, म्हणून होल्डर आणि दिव्यापर्यंतची वायर धड पाहिजे, टेप गुंडाळलेली चालणार नाही. हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि सभागृहाच्या माणसाला आधी दाखवा. वसंतराव देशपांडे सभागृह असो की सुरेश भट सभागृह, आयत्या वेळी विंगेत स्ट्रीट लाइट घेऊन गेलात तर कोणीही अडवेल, आणि अडवायलाच पाहिजे.

आणखी एक, २५० वॅट खूप होते. हा दिवा साधारण २७ हजार ल्युमेन (उजेड मोजायचं माप) टाकतो, म्हणजे १००० वॅटच्या हॅलोजन फ्लडपेक्षाही (पसरट उजेडाचा दिवा) जास्त, तुमचे सगळे स्पॉट त्याच्यासमोर फिके पडतील. ७० वॅटची फिटिंग शोधा, साधारण ६ हजार ल्युमेन, स्पर्धेच्या स्टेजला एक किंवा दोन पुरतात. उंचावर, मागून आणि एका बाजूने लावा. समोरून लावू नका. आणि कुठूनही लावला तरी प्रेक्षकाचा डोळा पाच-दहा मिनिटात त्या पिवळ्याला सरावतो आणि मग तो उजेड साधाच वाटायला लागतो, त्यामुळे कुठेतरी एक पांढरा उजेड शेजारी ठेवा, ऑफिसची केबिन, मोबाइलचा स्क्रीन, गेटवरच्या चौकीतला बल्ब, काहीही. पांढरं शेजारी असलं की पिवळं पिवळं राहते.

माझं मत विचाराल तर असे दिवे म्हणजे जागा. चेहरे दिसावे म्हणून नेहमीचे स्पॉट ठेवा, कमी करून ठेवा पण ठेवा. कारखान्याचा दिवा प्रेक्षकाला सांगतो की आपण कुठे आहोत आणि इथे माणसाची काय किंमत आहे. सगळं नाटक त्याच्यावरच उजळायला गेलात तर तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाचा चेहराच वाचता येणार नाही आणि नटांची मेहनत वाया जाईल.

प्रश्न: वरच्यासारखंच आमचंही आहे, पण अडचण ब्लॅकआऊटची. सोडियम बंद केला की परत लवकर पेटतच नाही, प्रयोगात काय करायचं? (बॅकस्टेजवाली, प्रतापनगर)

उत्तर: ताई, तो बंद करायचाच नाही. गार दिव्याला पूर्ण उजेडावर यायला चार-पाच मिनिटं लागतात. आणि गरम दिवा बंद केला की आतला दाब इतका असतो की इग्निटरला आर्क पेटवता येत नाही, थोडा गार झाला की मगच पेटतो, सोडियमला एखाद-दोन मिनिटं, मर्क्युरीला (पाऱ्याचा दिवा) पाच ते दहा, मेटल हॅलाइडला (असाच आर्कवर चालणारा पांढरा दिवा) त्याहूनही जास्त लागू शकतात. म्हणून पडदा उघडायच्या आधीच पेटवा आणि समोर पत्र्याचं शटर लावा, दोरीने ओढायचं किंवा बिजागरीवर पडणारं. पत्राच घ्या, पुठ्ठा किंवा थर्माकोल बिलकुल नको. आणि शटर दिव्याला चिकटवू नका, बाजूने हवा खेळती ठेवा आणि पत्रा थोडा तिरपा लावा, कारण सगळी उष्णता परत बल्बवर फेकली गेली की सोडियमचा व्होल्टेज चढत जातो आणि तो आपोआप विझतो, मग पेटतो, मग पुन्हा विझतो. शटरच्या आतल्या बाजूला हीटप्रूफ काळा रंग दिला तर कडेने गळणारा उजेडही कमी होतो. शटर उघडताना पत्र्याचा आवाज होतो, तो नाटकात बसत असेल तर ठेवा, नसेल तर कडेला फायबर ग्लासच्या दोरीची पट्टी लावा.

पण माझं ऐकाल तर एकदा तरी या हळू पेटण्याचाच वापर करून पाहा. हाय प्रेशर सोडियम पेटताना आधी मंद निळसर पांढरा असतो, मग एकदम गर्द पिवळा होतो, आणि मग दाब वाढत जातो तसा तो पसरून सोनेरी होतो. ही चार मिनिटं कोणताही डिमर देऊ शकत नाही कारण यात उजेडाबरोबर रंगही बदलतो, आणि पहिल्या मिनिटाच्या आसपास एक वेळ अशी येते की स्टेजवरचे रंगच जातात आणि मग हळूहळू थोडे थोडे परत येतात. वॉचमन स्विच टाकतो, खुर्चीवर बसतो, बोलायला लागतो आणि त्याच्या बोलण्याबरोबर आवार उजळत जाते. संवाद त्या चार मिनिटांना बांधून लिहा, रिहर्सल खऱ्या दिव्यासोबत करा, आणि प्रयोगाच्या आधी दिवा पूर्ण गार आहे ना हे बघा, म्हणजे लाइट टेस्ट लवकर उरकून घ्या. लायटिंगच्या आधाराने वाक्यं लिहिली जाणं मला फार आवडतं, आपल्याकडे बहुतेक वेळा लाइट शेवटच्या दोन दिवसांत येते आणि मग ती फक्त उजेडच राहते.

प्रश्न: मर्क्युरीचा दिवा भुताच्या सीनला वापरला तर? जुन्या गोदामातला आहे, बाहेरची काच थोडी फुटली आहे पण पेटतो. (वाचक, इतवारी)

उत्तर: तो दिवा आत्ताच बाजूला काढा. मर्क्युरीच्या आतल्या छोट्या नळीतून जोरदार अल्ट्राव्हायोलेट निघतो आणि बाहेरची काच तो अडवते. बाहेरची काच फुटली तरी दिवा पेटतच राहतो, हाच खरा धोका, कारण पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. काही वेळात डोळ्यांना आणि कातडीला इजा होते, आणि डोळ्यात वाळू गेल्यासारखं दुखणं सुरू होते ते काही तासांनी, तोपर्यंत नट घरी गेलेला असतो. फुटका दिवा नाटकात नाही, गोदामातही नाही. आत पारा असतो म्हणून कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

धड दिवा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. साध्या काचेच्या मर्क्युरीत पारा मोजक्याच रंगांवर उजेड देतो, जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, साधारण ४०५, ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटरवर (प्रकाशलहरीची लांबी, तिच्यावरून रंग ठरतो), आणि लाल जवळजवळ नसतोच. ओठ काळे पडतात, कुंकू काळं, रक्त काळं, आणि चेहऱ्यावरच्या शिरा उठून दिसतात. पांढऱ्या पावडरचा कोट असलेला दिवा घेतलात तर ती पावडर थोडा लाल भरून काढते आणि परिणाम पातळ होतो, तेव्हा विकत घेताना बघून घ्या. याला चोक लागतो, वेगळा इग्निटर लागत नाही. भुतापेक्षा मी याला शवागार, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, रात्रीचं एसटी स्टँड अशा ठिकाणी वापरेन. भूत म्हटलं की प्रेक्षक तयार होऊन बसतो. जिवंत आई मुलाची वाट बघत बाकड्यावर बसली आहे आणि तिचे ओठ काळे दिसून राहिले, हे जास्त आत जाते. मेकअपवाल्याला मात्र आधी सांगा आणि त्याच दिव्याखाली मेकअप तपासा, नाहीतर लाल लिपस्टिक लावलेली नायिका स्टेजवर भलतीच दिसेल.

प्रश्न: मी फाइन आर्टची विद्यार्थिनी आहे. एक प्रकारचा सोडियम असा असतो की त्याच्याखाली सगळं ब्लॅक अँड व्हाइट दिसतं असं ऐकलं. खरं आहे का आणि नागपुरात मिळेल का? (धरमपेठ)

उत्तर: खरं आहे. तो लो प्रेशर सोडियम. याचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या अगदी जवळजवळच्या दोन रेषांमधे असतो, बाकी काहीच नाही. एकच रंग असला की डोळ्याला तुलना करायला काही उरत नाही आणि मग लाल, हिरवं, निळं सगळं पिवळ्या-काळ्याच्या छटांमधे दिसते, जुन्या फोटोसारखं. ओलाफुर एलियासन या कलाकाराने २००३ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात अशाच एकरंगी दिव्यांचा मोठा सूर्य केला होता, अर्धं वर्तुळ आणि ते पूर्ण दिसावं म्हणून छताला आरसे, लोक खाली जमिनीवर पडून वर बघत बसायचे.

मिळण्याचं म्हणाल तर या दिव्यांचं उत्पादन कंपन्यांनी बंद केलं आहे. कुठे जुना सापडला तर जपून, आतला धातूरूप सोडियम पाण्याला लागला की पेटतो. त्याच्यामागे धावू नका. त्याऐवजी ५९० नॅनोमीटरच्या आसपासचे अंबर एलईडी घ्या, फक्त अंबर, आरजीबी (लाल-हिरवा-निळा) मिसळून केलेला पिवळा नाही, कारण त्या पिवळ्यात लाल आणि हिरवे वेगवेगळे असतात आणि कपड्यांचे रंग जिवंतच राहतात. अंबर एलईडी पूर्ण एकरेषी नसतो पण नव्वद टक्के काम होते, डिमही होतो, चटकन चालू-बंदही होतो. बाकी सगळ्या लाइट आणि प्रेक्षागृहातली गळती बंद पाहिजे, एक्झिटच्या हिरव्या बोर्डाकडेही लक्ष द्या (तो बंद करायचा नाही, तो दिसेल असं धरूनच मांडणी करा).

तुम्ही चित्रकार आहात म्हणून एक सुचवतो. लाल आणि हिरव्याच्या अशा दोन छटा शोधा की ज्या अंबरखाली एकसारख्या दिसतात. एकीने भिंत रंगवा, दुसरीने तिच्यावर अक्षरं लिहा. पिवळ्यात भिंत कोरी. पांढरा उजेड टाकला की सगळं लिहिलेलं समोर. छटा जुळवायला वेळ लागेल, दिव्याखाली बसूनच जुळवाव्या लागतात, पण ते जमलं तर सांगा, मला बघायला यायचं आहे.

प्रश्न: मी झाडीपट्टीत (पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत) काम करतो, दिवाळीनंतर वडसा साइडला रोज प्रयोग. मंडपात हॅलोजनचे फ्लड वापरतो, कोणी म्हणते मेटल हॅलाइड लाव, करंट कमी खाते. लावू का? (नट आणि लाइटवाला दोन्ही, हुडकेश्वर)

उत्तर: भाऊ, तुमच्यासाठी माझं उत्तर नको असं आहे. जनरेटरवर रात्रभर नाटक चालते, मधेच व्होल्टेज एकदा खाली आला की असा आर्कवर चालणारा दिवा विझतो आणि मग दहा-पंधरा मिनिटं पेटत नाही. हॅलोजन अशा वेळी फक्त मंद होऊन परत येतो. लावणीच्या मधे स्टेज काळोखात गेलं तर प्रेक्षक काय करतील ते तुम्हाला मी सांगायला नको. लावायचाच असेल तर प्रेक्षकांच्या जागेसाठी, वाटेसाठी लावा आणि काच बंद असलेल्या फिटिंगमधेच लावा, कारण म्हाताऱ्या मेटल हॅलाइडची नळी कधी कधी फुटते आणि तापलेले तुकडे खाली पडतात. खाली लोक बसलेले असतात.

हॅलोजनचं पण ऐका. लांब नळीवाला बल्ब आडवाच ठेवायचा, तिरपा केला की आयुष्य कमी. बोटांनी धरू नका, बोटाचं तेल लागलेली जागा तापून काच फुगते, कापडाने धरा आणि लागलंच तर स्पिरिटने पुसा. समोरची काच आणि जाळी काढून ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे, जेल लावायला सोपं जाते म्हणून, ती सोडा. जेल वेगळ्या फ्रेमवर वीतभर पुढे लावा. मंडपाचं कापड आणि फ्लड यांच्यात भरपूर अंतर ठेवा, एक मीटरपेक्षा कमी तर नाहीच, बल्बची काच २५० डिग्रीच्या वर तापलेली असते. वाळूच्या बादल्या दोन्ही विंगेत.

प्रश्न: मोबाइलवर शूट केलं की सोडियमच्या सीनमधे काळे पट्टे सरकतात. (वर्धमाननगर)

उत्तर: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. मोबाइलच्या मॅन्युअल मोडमधे शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातील. तीन दिवे तीन फेजवर वाटले तर डोळ्यालाही उजेड स्थिर वाटतो, पण दोन फेजमधे ४०० व्होल्टच्या वर असतात म्हणून त्या फिटिंग एकमेकींपासून हाताच्या अंतरावर नकोत. आणि हो, स्टेजवर फिरणारा पंखा किंवा चाक असेल तर ते थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसू शकते.

प्रश्न: सरकारी ऑफिसचा सीन आहे, साध्या ट्यूबलाइट टांगल्या तर परीक्षक नाक मुरडतील का? आमचे एक सीनियर म्हणतात हा जुगाड आहे, प्रकाशयोजना नाही. (एकांकिकावाले, मेडिकल चौक)

उत्तर: सीनियरना माझा नमस्कार सांगा आणि हे पण सांगा, की नाटकातले कितीतरी दिवे बाहेरच्याच कामातून आले आहेत. १८२० च्या दशकात थॉमस ड्रमंड या इंजिनियरने आयर्लंडच्या सर्वेक्षणात डोंगरावरून डोंगरावर दिसावा म्हणून चुन्याचा दिवा वापरला, १८३७ साली तोच लाइमलाइट लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात होता. पार कॅनमधला सीलबंद बल्ब गाड्यांच्या हेडलाइटच्या घराण्यातला. मोठ्या शोमधे जे एकदम बारीक, धारदार बीम दिसतात ते विमानाचे लँडिंग लाइट आहेत, २८ व्होल्ट २५० वॅटचे, आठ एका माळेत जोडले की २२४ व्होल्ट होतात आणि आपल्या मेन्सवर (नेहमीच्या विजेच्या लाइनवर) चालतात (२८ व्होल्ट वाचून हात लावू नका, माळेत एक बल्ब गेला की त्या होल्डरवर पूर्ण मेन्स येतो). आणि आपल्याच देशात प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ मधे कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरताना दाखवलं ते साध्यासुध्या साधनांनीच, आणि लोक अजून त्याबद्दल बोलतात.

तेव्हा ट्यूबलाइट खुशाल टांगा. चार फुटी, जुन्या चोक आणि स्टार्टरच्या, ज्या पेटताना तीन-चार वेळा फडफडतात. इलेक्ट्रॉनिक चोकच्या झटकन पेटतात, त्यात ऑफिस येत नाही. चोकची गुणगुण मागच्या रांगेपर्यंत जात नाही, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू येते आणि ती तुमच्या सीनला चांगलीच आहे. स्टार्टर थोडा खराब असलेली एक ट्यूब साहेबाच्या टेबलावर लावा. फक्त टांगताना दोन्ही टोकांना वायर बांधा, नुसत्या होल्डरच्या भरवशावर नको, आणि नटांच्या डोक्यावर पॉलिकार्बोनेटची पारदर्शक नळी चढवलेलीच ट्यूब लावा. परीक्षक काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही, पण लाल फीत बांधलेली फाइल त्या उजेडात कशी दिसते ते रिहर्सलला एकदा शेवटच्या रांगेत बसून बघा आणि फीत फिकी वाटली तर गडद लाल घ्या.